आधी बैठक, मग बास

माशाचं नाव 'बास'. अमेरिकन मंडळी त्याला 'बॅस' म्हणतात, पण आपल्या जिभेवर तो 'बास' म्हणूनच बसतो, आणि ते बरंच आहे. न्यू जर्सीत, एडिसनपासून जवळच असलेल्या फॅरिंग्टन तळ्यात कायाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची एकट्याची निमुळती होडी, घालून तासभर काढलेला मराठी माणूस दर पाच मिनिटांनी हाच शब्द उच्चारतो. फरक इतकाच, की तो माशाला हाक मारत नसतो.

काठावर उभं राहून बास पकडणं म्हणजे कोकणात ज्याला गरवणं म्हणतात तेच. कायाकमधून पकडणं हे मुळात बसण्याचं काम आहे. शाळेत आपण न्यूटनचा तिसरा नियम घोकला, परीक्षेत लिहिला, दोन मार्क घेतले आणि विसरलो. तो नियम इथे वसुलीला येतो. आमिष जोरात फेकलं की होडीचं नाक भलतीकडे वळतं. मासा ओढायला जावं तर मासा येत नाही, आपणच माशाकडे जातो. मागची पाण्याची बाटली घ्यायला वळलं की डोकं कडेबाहेर जातं आणि डोक्यामागोमाग बाकीचे अवयव. उपाय एकच: आपलं नाक कायम बेंबीच्या वर ठेवायचं. ऐकायला योगासनाच्या वर्गातलं वाटतं, पण कोरडं राहण्याचं सगळं शास्त्र एवढ्यात आलं.

नवशिक्याने वर बसायची कायाक घ्यावी, आत पाय खुपसायची नको. लांबी 10 ते 12 फूट, रुंदी 32 ते 34 इंच. रुंद कायाक हळू चालते, पण नवशिक्याला घाई कुठे असते? वजन 30 ते 40 किलो. दुकानात कागदावर वाचायला हलकं, पहाटे पाचला गाडीच्या टपावर चढवताना दुप्पट. बसायच्या जागेत आरपार भोकं असतात, त्यांतून तळं दिसतं. पोटात गोळा येतो. पण ती भोकं वर आलेलं पाणी खाली जायला असतात. होडी आतून पोकळ आणि बंद असते, ती तरंगणारच. आपण आहाराच्या बाबतीत उदार असलो तर मात्र पाणी खालून वर येतं आणि दिवसभर बैठक ओली राहते. त्यावर रबरी बुचं मिळतात. खरं घात करणारं बूच वेगळंच: होडीच्या टोकाकडचं छोटं आट्यांचं. पोकळीतलं पाणी काढायला ते घरी उघडतात आणि गॅरेजच्या फळीवर विसरतात. कायाक लगेच बुडत नाही. अर्धा तास ती नुसती सुस्तावते, जड होते, आणि आपण दोष वाऱ्याला देत राहतो.

पहिला दिवस पडण्यासाठी राखून ठेवा. रॉड, म्हणजे गळाची काठी, एकही नको. छातीभर पाण्यात, लाइफ जॅकेट घालून, मुद्दाम कलंडायचं. उलटी झालेली कायाक सरळ करायची आणि मधोमध बाजूला यायचं. टोकाकडून चढायला गेलं की ती फिरते. पलीकडची कड धरायची, पाय मागे पाण्याच्या वर आणून झपाझप मारायचे आणि पोटावर होडीवर आडवं पडायचं. या स्थितीत माणूस धोब्याच्या दगडावर टाकलेल्या पिळलेल्या पँटसारखा दिसतो. दिसू द्या. मग कुशीवर वळून आधी बूड जागेवर आणि पाय सर्वांत शेवटी. पाय आधी आत घेणारा पुन्हा पाण्यात जातो. हे तीनदा जमलं की मासेमारीचं बघू.

लाइफ जॅकेट अंगावर हवं, सीटमागे घडी करून नव्हे. आणि कपडे पाण्याकडे बघून घालायचे, आभाळाकडे बघून नव्हे. एप्रिलच्या सुरुवातीला जर्सीत हवा 70 अंश फॅरनहाइट असलेला एखादा दिवस सापडतो, पण पाणी असतं 50 च्या आसपास. त्या पाण्यात पडल्यावर पहिला श्वास आपल्या परवानगीवाचून आत ओढला जातो, तोंड पाण्याखाली असलं तरी.

सामानाचा नियम सोपा आहे: जे बांधलं नाही ते तळ्याचं. वल्हं, पक्कड, रॉड, चष्मा, सगळं दोरीने बांधायचं. नाहीतर आपण तळ्याची ओटी भरायला आलो आहोत असं समजावं. सीटमागे दुधाचा प्लास्टिकचा क्रेट, त्याला उभ्या नळ्या, नळ्यांत रॉड. दोन पुरेत. चार नेणाऱ्याचा गळ मागून फेकताना आपल्याच तिसऱ्या रॉडला अडकतो.

वारा ताशी 10 मैलांच्या वर असेल तर घरी पोहे करावेत. कमी असेल तर जाताना वाऱ्याविरुद्ध वल्हवत जावं, म्हणजे दमल्यावर वारा घरी आणतो. उलट करणारे संध्याकाळी तळ्याच्या पलीकडच्या टोकाला भेटतात. नांगर टाकायचा तर दीड किलोचा घडीचा पुरतो, पण त्याची दोरी पुढच्या किंवा मागच्या टोकाला हवी. मधोमध बाजूला बांधली की वारा होडीला आडवी धरतो, दोरी एक कड खाली ओढते, आणि पहिल्या दिवसाचा अभ्यास उपयोगी पडतो. माझं मत विचाराल तर नांगरापेक्षा होडीचं नाक सरळ कमळपानांत खुपसावं. फुकटात थांबते, आवाजही होत नाही.

आता माशाचं. बास हा दबा धरणारा मासा. बुडालेला ओंडका, लाकडी धक्क्याची सावली, पाणवेलींची कड अशा ठिकाणी तो तासन् तास न हलता बसतो. म्हणजे आपल्याला जे जमत नाही तेच तो उत्तम करतो. समोरून काही गेलं की तोंड उघडतो. पाण्यासकट भक्ष्य आत खेचलं जातं. पटलं नाही तर क्षणात थुंकतोही. त्या क्षणात तुम्ही काय करत असता? वल्हं मांडीवरून घसरलेलं असतं, ते सावरत असता.

नवशिक्याने स्पिनिंग रीळच घ्यावं: 2500 आकाराचं, सात फुटी मध्यम ताकदीचा रॉड, 10 पौंडाची लाइन. बेटकास्टर नावाचं दुसरं रीळ दिसायला रुबाबदार, पण अंगठ्याने वेळेवर थोपवलं नाही तर चकरी लाइनपेक्षा वेगाने फिरते आणि दिवाळीच्या माळा वर्षानंतर माळ्यावरून काढल्यावर असतात तसा गुंता होतो. गुंता सोडवायला दोन्ही हात लागतात. तोवर होडी कुणाच्या तरी अंगणापर्यंत गेलेली असते.

आमिष एकच शिका, वॅकी रिग. पाच इंची मऊ प्लास्टिकचा गांडूळ, मीठ मुरवलेला, हिरवट-तपकिरी. गढूळ पाण्यात काळा-निळा. 1/0 चा गळ त्याच्या बरोबर मधोमध आडवा. मधे रबरी कडी चढवून तिच्यात गळ अडकवला तर गांडूळ लवकर फाटत नाही. शिसं नको. गाठ पालोमार: लाइन दुहेरी करून गळाच्या भोकातून ओवायची, सैल साधी गाठ मारायची, पुढचा फास अख्ख्या गळावरून घ्यायचा, थुंकीने ओला करून ओढायचा. कोरडी ओढली तर घर्षणाने लाइन तिथेच कमजोर होते आणि मोठा मासा नेमकी तीच जागा शोधतो.

गांडूळ पानांच्या कडेला टाकला की काहीही करायचं नाही. हे सर्वांत कठीण. तो दोन्ही टोकं थरथरवत संथ खाली जातो, आणि बास बहुधा तेवढ्यातच घेतो. दहापर्यंत मोजा. लाइन बघा. रॉडचं टोक फूटभर उचला, पुन्हा सोडा. नवशिका विहिरीवरून पोहरा ओढल्यासारखा रीळ फिरवतो आणि तळ्यात मासेच नाहीत असं जाहीर करतो. टकटक असे बारीक झटके आले तर ते सनफिश नावाचे टिकलीएवढे मासे. गांडुळाचं शेपूट कुरतडून पसार होतात. लाइन एकदम सुरीने कापल्यासारखी तुटली तर पिकरेल नावाचा मासा, त्याला धारदार दात असतात. आणि लाइन गुपचूप बाजूला चालू लागली, तर बास.

इथे टीव्हीवर पाहिलेलं विसरा. मोठ्या बोटीवर उभे असलेले लोक रॉड डोक्यावरून मागे उसळवतात. बसलेल्या माणसाला ती ताकद मिळत नाही, आणि मासा चुकला तर गळ सरळ तोंडावर येतो. चष्मा म्हणूनच हवा. सैल लाइन गुंडाळा, पाय पुढे टेकवा, रॉड खाली ठेवून आडवा झटका द्या. लागला, की तीन पौंडांचा मासा बारा फुटी होडी स्वतःकडे वळवतो. वळू द्या, तेवढाच तो दमतो. होडीखाली शिरला तर रॉडचं टोक पाण्यात बुडवून पुढच्या टोकाला वळसा घालायचा; कडेवर रॉड दाबला की मोडतो. जाळीत घेताना रॉडभर लाइन बाहेर ठेवा. पार गुंडाळली तर मासा रॉडच्या टोकाशी, आणि जाळी धरणारा हात आपल्या खांद्याला जोडलेला.

जाळी रबरी घ्या. धरताना अंगठा ओला करून खालच्या जबड्यात. बासचे दात सँडपेपरसारखे असतात. पाच-सहा माशांनंतर अंगठा नारळ खवल्यासारखा होतो. मासा जड असेल तर दुसरा हात पोटाखाली, नुसता जबड्यावर आडवा लोंबकळवू नका.

मग तो सोडायचा. हा भाग मालवणी मनाला समजावणं अवघड. फोटो पाहून आई व्हिडिओ कॉलवर विचारते, तळलास की सार केलंस? न्यू जर्सीत 15 एप्रिल ते 15 जून बास सोडावाच लागतो, कारण तो अंडी घालण्याचा काळ; नर घरट्यावर पहारा देत असतो. एरवी ठेवता येतो, पण त्यातल्या पाऱ्याबद्दल सरकारी इशारे आहेत. कायाकच्या स्पर्धांतही मासा ओल्या फूटपट्टीवर तोंड मिटवून ठेवतात, फोटो काढतात आणि सोडतात. मोजतात ती लांबी. आईला सांगण्यासारखी एक गोष्ट मात्र आहे. 1932 मध्ये जॉर्जियात जॉर्ज पेरीने 22 पौंड 4 औंसांचा बास पकडला. 2009 मध्ये जपानच्या बिवा तळ्यात मनाबू कुरिताने त्याची बरोबरी केली, पण विक्रम मोडायला दोन औंस जास्त लागतात, म्हणून पेरीचं नाव अजून आहे. त्या पेरीने तो मासा घरी नेला आणि घरच्यांनी खाल्ला.

परतताना सकाळचा दुसरा कप चहा आठवू लागतो, आणि घाई होते. काठ दिसतो, माणूस उठतो, तीन तास दुमडलेले पाय सुन्न, होडी निघते पुढे, आपण मागे. गुडघाभर पाण्यात थांबा. दोन्ही पाय दोन बाजूंना सोडून घोड्यावर बसल्यासारखे तळाला टेकवा, मुंग्या जाईपर्यंत तसेच बसा. मग उभे राहा. गाडीकडे जायच्या आधी क्रेटमधले रॉड काढून आडवे करा. काठावरची झाडं ते अडकवायला टपलेलीच असतात.