खुलासा: हार्लेमचा महोत्सव वुडस्टॉकला उत्तर म्हणून भरला नव्हता

हार्लेमच्या महोत्सवावरच्या ‘समर ऑफ सोल’ या माहितीपटाबद्दल एक मेसेज फिरतोय: वुडस्टॉक या अमेरिकेतल्या गाजलेल्या संगीत महोत्सवात कृष्णवर्णीय कलाकारांना जागा नव्हती, म्हणून त्यांनी न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत वेगळा महोत्सव भरवला. मीही तो पुढे पाठवला होता, चूक माझी. तारखाच बघा. हार्लेम कल्चरल फेस्टिव्हल १९६७ पासून भरत होता. १९६९ साली तो २९ जूनला सुरू झाला. वुडस्टॉक १५ ऑगस्टला. आणि वुडस्टॉकची सुरुवातच रिची हेवन्स यांच्या गाण्याने झाली, शेवट जिमी हेंड्रिक्स यांच्या गिटारने. दोघेही कृष्णवर्णीय. माहितीपटात हार्लेमच्या बागेत थकलेल्या गायिका महालिया जॅक्सन तरुण गायिका मेविस स्टेपल्सच्या हाती माइक देतात, तो क्षण जरूर पाहा. जुना मेसेज मात्र कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलात, त्यांना हा खुलासा पाठवा.