विद्यापीठ पाहायला जाणाऱ्यांस काही सूचना

एखाद्या ऐतिहासिक विद्यापीठाचा परिसर सर्वांसाठी खुला आहे, असे कळताच आपण तेथे अवश्य जावे आणि 'खुला' या शब्दाचा अर्थ होईल तितका व्यापक घ्यावा. ज्या संस्थेने शतकानुशतके ज्ञानाची दारे उघडण्याचा अभिमान मिरवला, तिने एखाद्या दारावर 'केवळ विद्यार्थ्यांसाठी' अशी पाटी लावावी, हे तिच्या परंपरेला शोभत नाही. तेव्हा ते दार निदान एकदा ढकलून पाहावे. आत परीक्षा चालू असल्यास दार लोटण्यापूर्वी एक फोटो काढून घ्यावा.

घरून काहीही वाचून जाऊ नये. वाचून गेलेला पाहुणा गाइडच्या कथेत खडे शोधत बसतो आणि सगळ्यांचाच विरस करतो. केंब्रिजला नदीतून लांब काठीने नाव रेटणारा तरुण सांगेल की, क्वीन्स कॉलेजचा लाकडी 'गणिती पूल' न्यूटनने एकही बोल्ट न वापरता उभारला आणि पुढे जिज्ञासू विद्यार्थ्यांनी तो सुटा केल्यावर कोणालाच पुन्हा जोडता आला नाही. आपण मान डोलवावी. हा पूल १७४९ साली बांधला गेला आणि न्यूटन १७२७ सालीच वारला होता हे खरे. परंतु ज्याने गुरुत्वाकर्षणाचा नियम मांडला, त्याला बावीस वर्षांची अडचण ती काय?

त्याच गावातील बहुतेक कॉलेजांत हिरवळीवर पाऊल ठेवण्याचा मान फेलो मंडळींना असतो. त्यासाठी उभे आयुष्य संशोधनात घालवण्याऐवजी आपण सरळ चालू लागावे.

ग्रंथालयाविषयी मात्र थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण तेथे पाहुण्याला वाचण्याचा मोह होण्याची शक्यता असते. (तशी ती फार नसते.) ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात वाचकाला प्रवेश देण्यापूर्वी, आपण आत आग पेटवणार नाही, असे वचन त्याच्याकडून घेतले जाते आणि तेथून ग्रंथ बाहेर न्यायची परवानगी १६४५ साली खुद्द राजा पहिला चार्ल्स यालाही मिळाली नव्हती, अशा संशयी लोकांशी संबंध न ठेवता छताचे फोटो काढून निघावे. पोर्तुगालमधील कोइंब्रा विद्यापीठाच्या अठराव्या शतकातील ग्रंथालयात वटवाघळे राहतात. ती रात्री किडे खाऊन पोथ्यांचे रक्षण करतात, म्हणून सायंकाळी मेजांवर चामड्याची आच्छादने घालून त्यांच्या विष्ठेची सोय केली जाते. इतका दीर्घ मुक्काम करूनही ग्रंथांना उपयोगी पडलेले पाहुणे विरळाच. आपण त्यांचा आदर्श ठेवू नये, फक्त ती कोठे लटकतात एवढे मोठ्याने विचारावे.

हार्वर्डच्या आवारात जाल, तेव्हा जॉन हार्वर्डच्या पुतळ्यासमोर रांग लावावी. चौथऱ्यावर 'जॉन हार्वर्ड, संस्थापक, १६३८' असे कोरले आहे. संस्था १६३६ साली स्थापन झाली. हार्वर्ड तिचा संस्थापक नव्हे, तर आपले ग्रंथ आणि निम्मी मालमत्ता देऊन गेलेला दाता होता. आणि त्याचे एकही चित्र उपलब्ध नसल्यामुळे शिल्पकार डॅनियल चेस्टर फ्रेंच याने १८८४ सालच्या या पुतळ्यासाठी त्या काळच्या एका तरुणाला समोर बसवले होते. विद्यापीठाचे ब्रीद 'सत्य' असे आहे. या तपशिलांनी खट्टू न होता आपण पुतळ्याच्या डाव्या बुटाला हात लावावा. त्याने नशीब उजळते, अशी श्रद्धा आहे आणि असंख्य हातांनी बुटाचे टोक तर नक्कीच उजळले आहे. लहान मुले बरोबर असल्यास त्यांनाही उचलून हात लावू द्यावा, विशेषतः पुढे खाऊ खायचा असेल तर. रात्रीच्या अंधारात विद्यार्थी याच बुटाचा कशासाठी उपयोग करतात, याविषयीची वदंता एखाद्या विद्यार्थ्याला अवश्य विचारावी, मात्र फोटो काढून झाल्यावर.