जावईबापू, तुमचा राऊटर मंद आहे

ठाण्याच्या नौपाड्यातल्या घराला रंग लागतोय म्हणून बायकोचे मामा ट्रान्स-हार्बर लोकलने नेरूळला आमच्याकडे मुक्कामाला आले. परवा रात्री त्यांनी राऊटरला लावलेली हार्ड डिस्क उपटली आणि तिथे आपला मोबाइल चार्जिंगला लावला. डिस्कवर तेव्हा एका लग्नाचं ११० जीबीचं रेकॉर्डिंग चढत होतं. साठेक चढलं होतं.

"अहो मामा, ती डिस्क..."

"नीट ठेवलीय फ्रिजवर. तापली होती हो, वेळेत काढली म्हणून."

"पण ते पोर्ट चार्जिंगचं नाही."

"यूएसबीच आहे ना?"

"आहे."

"चार्जरला काय असतं?"

"यूएसबीच."

"मग?"

चाळीस वर्षं हिशेब तपासलेल्या माणसाशी असं बोलणं म्हणजे आपणच आपलं ऑडिट मागवणं. त्यातून नातं असं की आवाज चढवायची सोय नाही. मी फ्रिजवरची डिस्क उचलली, ती गरमच होती. म्हणजे तेवढ्यापुरते मामा खरे.

चिडचिड मामांमुळे निम्मीच होती. उरलेली निम्मी त्या पोर्टमुळे. खोक्यावर ठसठशीत लिहिलेलं असतं 'मीडिया सर्व्हर', म्हणजे राऊटरला डिस्क लावा आणि घरभर सिनेमे बघा. यूएसबी २.० पोर्टने द्यायची वीज किती, तर ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर. ३.० असेल तर ९००. खिशात मावणारी फिरती हार्ड डिस्क सुरू होताना एक अँपिअरपर्यंत मागते. मग ती टक-टक करते, दिवा लागतो, विझतो, पुन्हा टक-टक. कधी राऊटरच रीस्टार्ट होतो आणि घरातून 'नेट गेलं' अशी बोंब उठते. लोक डिस्क मेली समजून नवी आणतात. आणायचा असतो स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब. सिनेमे थोडेच असतील तर पेनड्राइव्हही पुरतो.

मग फॉरमॅट, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत. एफएटी३२ सगळे राऊटर ओळखतात, पण त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. लग्नाच्या रेकॉर्डिंगमध्ये नुसत्या मंगलाष्टकांची फाइल त्याहून मोठी! एक्सफॅट काही राऊटर ओळखतच नाहीत. राहता राहिलं एनटीएफएस. ते चालतं, पण लिहिताना त्या चिमुकल्या प्रोसेसरला धाप लागते. यूएसबी २.० चा वेग कागदावर ४८० मेगाबिट, म्हणजे सेकंदाला ६० एमबी. माझ्या हाती पडतात ८. या वेगाने ११० जीबीला पावणेचार तास. म्हणून भरायचं ते डिस्क थेट लॅपटॉपला लावून, राऊटरवरून फक्त बघायचं. हे मला ठाऊक होतं. आळस केला. (हे मामांना सांगितलेलं नाही.)

३.० चं पोर्ट घेतलं तर सुटलो, असंही नाही. त्याच्या केबलमधून निघणारा विद्युत गोंगाट २.४ गिगाहर्ट्‌झच्या वायफायला त्रास देतो, हे इंटेलने २०१२ मध्येच लिहून ठेवलंय. डिस्क अँटेनाला चिकटून ठेवू नका, किंवा सेटिंगमध्ये पोर्ट २.० वर आणा. म्हणजे ज्यादा पैसे मोजून पुन्हा मूळपदावर.

आणि विंडोजमध्ये ती डिस्क दिसत नाही, ते वेगळंच. पुष्कळ जुने राऊटर अजून फक्त एसएमबी १ बोलतात, म्हणजे नेटवर्कवरून फाइली देण्याघेण्याची जुनी भाषा. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस याच भाषेतल्या भोकातून घुसला, आणि त्याच वर्षाअखेरीपासून नव्याने टाकलेल्या विंडोज १० मध्ये ती भाषा येईनाशी झाली. जो तो सल्ला देतो, 'विंडोजमध्ये चालू करून टाका.' करू नका! राऊटरमध्ये एसएमबी २ असेल तर ते निवडा. नसेल तर डीएलएनए, म्हणजे टीव्हीला थेट सिनेमे पुरवणारी राऊटरमधली सोय, चालू करून टीव्हीवर बघा. मात्र राऊटर फाइल आहे तशी पुढे ढकलतो, उलगडायची ती टीव्हीने. डीटीएस आवाज न समजणाऱ्या टीव्हीवर सिनेमा मूकपट होतो. मराठी सबटायटलची फाइल यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात सेव्ह केलेली नसेल, तर संवादांच्या जागी चौकोन. कंपनी मात्र राऊटर विकून मोकळी. माझ्या मॉडेलला नवं फर्मवेअर (राऊटरच्या आतलं सॉफ्टवेअर) कधीचं आलेलं नाही.

लिहिता लिहिता डिस्क उपटली की पुढचं ठरलेलं. डिस्कवर 'अर्धवट' असा शिक्का बसतो आणि राऊटर तिला हात लावेनासा होतो, किंवा नुसतं वाचू देतो. लॅपटॉपला लावून चेकडिस्क हे विंडोजचं डिस्क दुरुस्तीचं साधन चालवलं, अर्धी फाइल पुसली. रात्रीचा दीड वाजला होता.

सकाळी मामा मोबाइल घेऊन समोर उभे.

"सात तास लावला होता. चारावरून एकसष्ट टक्के. जावईबापू, तुमचा राऊटर मंद आहे."

५००० एमएएचची बॅटरी, ५०० मिलिअँपिअर, थोडी गळती. हिशेब चोख होता. मी ड्रॉवरमधला चार्जर पुढे केला.

"नको, तो फोन तापवतो. हेच बरंय, सावकाश." मग सोफ्यावर बसत म्हणाले, "बरं, आमच्या ताईचं लग्न मोठ्या टीव्हीवर दाखवणार होतात. चार दिवस झाले. कुठे अडलंय?"