व्हॅन्कोमायसिनबद्दल फिरणारा तो मेसेज, आणि त्यातल्या एकेका मुद्द्याला उत्तर

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला आणि अर्ध्या तासात आत्तेभावाचा फोन, "ताई, आईचं ते सलाईनमधलं अँटिबायोटिक बंद करा म्हणून सांगू का डॉक्टरांना?" आत्याला डायबेटिस आहे, पायाची जखम हाडापर्यंत गेलीये, पुवाच्या कल्चरमधे (जंतू वाढवून ओळखायची तपासणी) एमआरएसए, म्हणजे स्टॅफ नावाच्या जंतूचा नेहमीच्या औषधांना दाद न देणारा प्रकार, आला म्हणून व्हॅन्कोमायसिन चालू केलंय. आणि मेसेज काय म्हणतो तर, व्हॅन्कोमायसिन हे शेवटचं अँटिबायोटिक, ते लावलं म्हणजे डॉक्टरांनी आशा सोडली. अंग लाल झालं तर ती जीवघेणी अ‍ॅलर्जी, परत आयुष्यात घेऊ नका. किडनी हमखास जाते. रक्तातल्या औषधाची लेव्हल तपासतात ती बिल वाढवायला. याच्याच कॅप्सूल मिळतात, त्या मागून घ्या आणि घरी जा. ताप उतरला की सलाईन बंद करायला लावा.

मी १२ वर्षं मेडिसिन वॉर्डात स्टाफ नर्स आहे, हे औषध रोज हाताने लावते. तो मेसेज वाचून कुणीतरी खरंच मधेच औषध थांबवेल या भीतीने लिहितेय, त्यामुळे जरा लांबलंय.

"शेवटचं अँटिबायोटिक". नाही. जागतिक आरोग्य संघटनेने अँटिबायोटिक्सचे तीन गट केलेत, अ‍ॅक्सेस, वॉच आणि रिझर्व्ह. अगदी राखून ठेवायची ती रिझर्व्हमधे, तिथे कोलिस्टिन आहे, लिनेझोलिड आहे. व्हॅन्कोमायसिन वॉचमधे आहे, म्हणजे जपून वापरा, पण एमआरएसएसारख्या जंतूला ते पहिल्या पसंतीच्या औषधांपैकीच आहे. आत्याला ते दिलं कारण कल्चरचा रिपोर्ट तेच सांगत होता, आशा सोडण्याचा काही संबंधच नाही. आणि याची दुसरी बाजू पण सांगते, काही नातेवाईक उलट येऊन म्हणतात की सगळ्यात भारी अँटिबायोटिक लावा, पैशाचं बघू नका. पण हे औषध फक्त ग्राम पॉझिटिव्ह नावाच्या गटातल्या (स्टॅफ त्यातलाच) जंतूंवर चालतं, टायफॉइडवर नाही, लघवीच्या इन्फेक्शनमधल्या ई-कोलायवर नाही. आणि स्टॅफ जर साधा निघाला, एमआरएसए नसला, तर सेफाझोलिनसारखं जुनं स्वस्त औषध त्याला जास्त लवकर मारतं. त्यामुळे रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांनी "छोटं" औषध लिहिलं तर घाबरू नका, ते बरोबर चाललंय.

आता लाल होण्याचा मुद्दा, यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय कारण इथे अर्धं खरं आणि अर्धं चुकीचं असं मिसळलंय. व्हॅन्कोमायसिन पटकन गेलं तर शरीरातल्या काही पेशी एकदम हिस्टामिन सोडतात, मग चेहरा, मान, छातीचा वरचा भाग लाल होतो, खाज सुटते, कधी बीपी पण पडतं. याला आधी रेड मॅन सिंड्रोम म्हणायचे, आता ते नाव बंद करून इन्फ्युजन रिअ‍ॅक्शन म्हणतात. हे बहुतेक वेळा वेगामुळे होतं, खऱ्या अ‍ॅलर्जीमुळे नाही. आमच्याकडे एक पन्नाशीचे काका होते, सलाईन चालू करून मी पुढच्या बेडवर गेले, आणि त्यांच्या मुलाने, बाबांना जेवायला बसवायचंय म्हणून, बिचाऱ्याने चांगल्या हेतूनेच चाक वर सरकवून सलाईन फास्ट केलं. दहा-पंधरा मिनिटांत काका मान खाजवायला लागले, म्हणे डोक्यात गरम वाफ भरल्यासारखं होतंय, बीपी बघितलं तर ९० वर आलेलं. सलाईन बंद केलं, डॉक्टर आले, एव्हिल (खाज-लालीवरचं इंजेक्शन) दिलं, पाय उंच केले, तासाभरात काका ठीक. राहिलेलं औषध डॉक्टरांच्या सांगण्यावरून संध्याकाळी एकदम हळू दिलं आणि त्यांना काहीही झालं नाही. तेच औषध, तोच माणूस, फरक फक्त वेगाचा.

वेगाचा हिशोब असा, मिनिटाला १० मिलिग्रॅमच्या वर जायचं नाही आणि डोस लहान असला तरी एक तासाच्या आत संपवायचं नाही. एक ग्रॅमचा डोस २५० मिलीत घातला तर १०० मिनिटं लागतात, आणि २० थेंबांना एक मिली असा सेट असेल तर मिनिटाला ५० थेंब पडतात. (सेटच्या पाकिटावर किती थेंबांना एक मिली ते छापलेलं असतं, प्रत्येक सेट सारखा नसतो.) म्हणून तुमचं सलाईन संथ चाललंय असं वाटलं तरी चाकाला हात लावू नका, सिस्टरला हाक मारा. अजून एक, आपल्याकडे बऱ्याच पेशंटचा रंग सावळा असतो, त्यावर लाली पटकन दिसत नाही, म्हणून मी दिसण्यावर विसंबत नाही, दर थोड्या वेळाने विचारते, खाज येतेय का, मान गरम लागतेय का, मुंग्या येताहेत का. तुम्ही जवळ बसला असाल तर तुम्हीही विचारा.

आता खरी अ‍ॅलर्जी होतच नाही असं मी म्हणत नाही. ओठ सुजले, श्वासाला घरघर लागली, गळा आवळल्यासारखं झालं, तर सलाईन ताबडतोब बंद आणि आरडाओरडा करून माणसं गोळा करायची, तिथे हळू देऊन बघू हा प्रकार नाही. पण नुसती लाली आली म्हणून फाईलवर लाल पेनने "व्हॅन्को अ‍ॅलर्जी" लिहून टाकलं तर तो शिक्का जन्मभर राहतो, आणि पुढे त्याच माणसाला रक्तात एमआरएसए झाला की हाताशी असलेलं चांगलं औषध वापरता येत नाही. म्हणून डिस्चार्ज घेताना विचारा, नक्की काय झालं होतं ते लिहून द्या, वेगामुळे की अ‍ॅलर्जी.

"किडनी हमखास जाते". हमखास नाही, पण धोका खरा आहे आणि तो मी लपवणार नाही. ही बदनामी जुनी आहे, १९५० च्या दशकात बोर्निओच्या मातीतल्या एका जंतूपासून हे औषध एली लिली कंपनीने काढलं, १९५८ मधे अमेरिकेत मंजूर झालं, आणि सुरुवातीचा माल इतका अशुद्ध आणि मातकट रंगाचा होता की त्याला मिसिसिपीचा चिखल म्हणायचे. तेव्हाच्या किडनी आणि कानाच्या त्रासात त्या अशुद्धीचाही वाटा होता असं मानतात. आताचं औषध शुद्ध आहे, पण जास्त डोस, जास्त दिवस, आधीच नाजूक किडनी, अंगात पाणी कमी, आणि सोबत अ‍ॅमिकासिन, पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम ही दुसरी अँटिबायोटिक्स, लॅसिक्स (लघवी वाढवायचं औषध) किंवा दुखण्याच्या गोळ्या असं जमलं की क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) वाढू शकतं. वेळेत लक्षात आलं तर बहुतेकांचं परत खाली येतं. म्हणून घरून आणलेली गुडघेदुखीची गोळी परस्पर देऊ नका, आत्याच्या उशाखाली तशी एक स्ट्रिप सापडलीच. लघवी कमी झाली, कानात आवाज यायला लागला, तर त्याच दिवशी सांगा.

यातच लेव्हलचा मुद्दा येतो. बिल वाढवायला म्हणे! अहो, हे औषध कमी पडलं तर जंतू मरत नाही आणि जास्त झालं तर किडनीला लागतं, मधली पट्टी अरुंद आहे, आणि एकाच वजनाच्या दोन माणसांच्या रक्तात ते वेगवेगळं साठतं. डोस वजनावर ठरतो, किलोमागे साधारण १५ ते २० मिलिग्रॅम, पण पुढे किती वेळाने द्यायचं ते किडनीवर आहे. पूर्वी चौथ्या डोसच्या आधी रक्त घेऊन ती लेव्हल १५ ते २० मधे ठेवायचे. २०२० च्या अमेरिकन गाईडलाईनने गंभीर एमआरएसएसाठी नुसत्या त्या आकड्यामागे न लागता दिवसभरातलं एकूण प्रमाण, म्हणजे एयूसी, ४०० ते ६०० मधे ठेवायला सांगितलं, कारण त्यात किडनीला कमी त्रास होतो. हे रक्त ज्या हाताला औषध चालू आहे त्या सुईतून घ्यायचं नाही, आणि डोस कधी सुरू झाला, कधी संपला, रक्त कधी घेतलं, या तिन्ही वेळा लिहिल्याशिवाय रिपोर्टला काही अर्थ नाही. जिथे लेव्हल होत नाही तिथे निदान क्रिएटिनिन वरचेवर बघतात.

कॅप्सूलचं पटकन सांगते. कॅप्सूल असते हे खरं, पण ती पोटातून रक्तात जवळजवळ जातच नाही, आतड्यातच राहते. म्हणून ती सी-डिफ नावाच्या आतड्याच्या इन्फेक्शनला देतात. आत्याच्या पायाच्या हाडाला तिचा काडीचा उपयोग नाही. आणि सी-डिफला सलाईनमधून दिलेलं व्हॅन्को चालत नाही, कारण ते आतड्यात पोचत नाही. गोळ्यांवर घरी जाता येतं, पण ती गोळी दुसरी असते आणि कल्चर बघून ठरते.

राहिलं ताप उतरला की बंद. स्टॅफ रक्तात असेल तर निदान १४ दिवस, ते सुद्धा कल्चर निगेटिव्ह आल्यापासून मोजायचे. हृदयाच्या झडपेला लागलं असेल किंवा हाडात असेल तर कित्येक आठवडे. ताप दोन-तीन दिवसांत उतरतो, पण हाडातला जंतू तसाच असतो. हां, कल्चरमधे एमआरएसए आलाच नाही तर दोन-तीन दिवसांत डॉक्टर स्वतःच बंद करतात, आणि ते योग्यच आहे.

आत्तेभावाला मी एवढंच सांगितलं, बंद करायला सांगू नकोस, पण डॉक्टरांना विचार, क्रिएटिनिन किती, लेव्हल कधी घेणार, एकूण किती दिवस. आणि हात दुखला, सुईजवळ सूज आली तर लगेच सांग, शिरेबाहेर गेलं तर हे औषध आजूबाजूच्या मांसाला फार त्रास देतं. काल त्याने मला आत्याच्या लघवीच्या मापाचा कागद पाठवला, कॅलेंडरच्या मागच्या बाजूला, प्रत्येक आकड्यासमोर वेळ टाकलेली.