२०२३ मध्ये लेस्टरमध्ये मजूर पक्षाची सत्ता गेलीच नव्हती

इंग्लंडमधील लेस्टर शहराच्या कौन्सिलची निवडणूक ४ मे २०२३ रोजी झाली. तिच्या निकालाविषयी एक दावा समाजमाध्यमांवर वारंवार केला जातो. त्याचा आशय असा, की लेस्टरमधल्या हिंदूंनी सप्टेंबर २०२२ मधील हिंदू-मुस्लिम तणावाचा हिशेब मतपेटीतून चुकता केला, कधीही न हरलेल्या मजूर पक्षाच्या हातून शहराची सत्ता काढून घेतली, भारतीय वंशाचा महापौर निवडून आणला आणि पुढच्याच वर्षी संसदेच्या निवडणुकीत तोच कौल पुन्हा दिला. या दाव्यात सत्याचा एक अंश आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. मात्र त्या अंशाभोवती रचलेली बहुतेक विधाने निकालाच्या साध्या आकड्यांशीच जुळत नाहीत.

पहिले विधान सत्तांतराचे आहे आणि त्याचा निकाल एका ओळीत लागतो. कौन्सिलच्या ५४ जागांपैकी मजूर पक्षाला ३१, हुजूर पक्षाला १७ आणि लिबरल डेमोक्रॅट्स व ग्रीन पक्षाला प्रत्येकी ३ जागा मिळाल्या. बहुमतासाठी २८ पुरेशा होत्या. २०१९ मध्ये मजूर पक्षाकडे ५३ जागा होत्या, तेव्हा २२ जागांचे हे नुकसान मोठेच म्हणायला हवे, परंतु जागा घटणे आणि सत्ता जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पक्ष तेथे ‘कधीही हरला नव्हता’ हेही खरे नाही. २००३ मध्ये, इराक युद्धाच्या वर्षी, मजूर पक्षाने लेस्टरमधले बहुमत गमावले होते, लिबरल डेमोक्रॅट्स सर्वांत मोठा पक्ष ठरले होते, आणि मजूर पक्षाला बहुमत परत मिळाले ते थेट २००७ मध्ये. म्हणजे ज्याला ऐतिहासिक पहिला पराभव म्हटले जाते तो पराभवही नव्हता आणि पहिलाही नव्हता.

महापौरासंबंधीचे विधान सरळसरळ चुकीचे आहे. त्या दिवशी पीटर सोल्सबी हेच मजूर पक्षातर्फे पुन्हा निवडून आले. २०११ मध्ये हे पद निर्माण झाले तेव्हापासूनचा त्यांचा हा सलग चौथा विजय होता. हुजूर पक्षाचे संजय मोढवाडिया दुसऱ्या क्रमांकावर राहिले. गोंधळाचे एक कारण कदाचित असे असेल, की लेस्टरमध्ये महापौर म्हणता येतील अशी दोन पदे आहेत. सिटी मेयर थेट जनतेतून चार वर्षांसाठी निवडला जातो आणि प्रशासनाचा खरा अधिकार त्याच्याकडे असतो. लॉर्ड मेयर हे मानाचे पद असून ते कौन्सिलर दरवर्षी आपल्यातल्या एकाला देतात. आपल्याकडच्या वाचकाला हे समजायला अवघड जाऊ नये, कारण नगरपालिकेत थेट निवडून येणारा नगराध्यक्ष आणि महापालिकेत नगरसेवकांनी निवडलेला महापौर यांच्या अधिकारांतला फरक महाराष्ट्रात सर्वांना माहीत आहे. लॉर्ड मेयरचे पद भारतीय वंशाच्या व्यक्तींनी २०२३ च्या कितीतरी आधीपासून भूषवले आहे. त्यात नवल राहिलेले नाही आणि त्याचा या निवडणुकीशी संबंधही नाही.

वास्तविक महापौरपदाच्या निकालात एक खरी बातमी होती, पण ती या दाव्यात कोठेच नाही. २०१९ मध्ये सोल्सबींना साठ टक्क्यांहून अधिक मते होती. २०२३ मध्ये ती चाळीस टक्क्यांच्या किंचित आत आली. त्यातच २०२२ च्या निवडणूक कायद्याने महापौरपदासाठीची दुसऱ्या पसंतीची पद्धत रद्द केली होती. पूर्वी कोणालाच निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत, तर पहिल्या दोघांखेरीज इतरांना मत देणाऱ्यांची दुसरी पसंती मोजली जात असे. २०२३ मध्ये मात्र ज्याला सर्वाधिक मते तो विजयी, एवढाच नियम उरला. दहांपैकी सहा मतदारांनी विद्यमान महापौराला नाकारले, तरीही ते निवडून आले, असे कोणी लिहिले असते तर ते अचूक ठरले असते आणि सोल्सबींना अडचणीचेही ठरले असते. अचूक टीका हाताशी असताना खोटी बातमी का पसरवावी, हे कोडेच आहे.

तिसरे विधान ‘शून्यावरून सतरा’ असे आहे. आकडा बरोबर आहे. २०१९ मध्ये हुजूर पक्षाचा एकही कौन्सिलर निवडून आला नव्हता आणि २०२३ मध्ये १७ आले. त्यावरून ‘सगळे शहर उलटले’ हा जो अर्थ काढला जातो तो मात्र लेस्टरची मतदानपद्धत न पाहता काढलेला आहे. शहरात २१ वॉर्ड असून त्यांतले काही तीन सदस्यांचे आणि काही दोन सदस्यांचे आहेत. मतदाराला जितक्या जागा तितकी मते असतात, सर्व उमेदवार एकाच यादीत असतात, आणि सर्वाधिक मते मिळवणारे पहिले दोन किंवा तीन निवडून येतात. पुण्यासारख्या महापालिकांच्या बहुसदस्यीय प्रभागात अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेची लढत स्वतंत्र असते. लेस्टरमध्ये तसे नसते. परिणामी जो पक्ष वॉर्डात थोडासा पुढे असतो तो बहुधा तिन्ही जागा उचलतो आणि थोडासा मागे असलेल्याच्या हाती काहीच लागत नाही.

२०१९ चे ‘५४ पैकी ५३’ हे याच पद्धतीचे फळ होते. त्याच दिवशी, त्याच मतदारांनी, त्याच पक्षाच्या महापौराला साठ टक्क्यांच्या आसपास मते दिली होती, आणि कौन्सिलमध्ये मात्र पक्षाच्या वाट्याला ९८ टक्के जागा आल्या. म्हणजे २०१९ मध्येही शहरात मजूर पक्षाला न मानणारा मोठा मतदारवर्ग होता. तो फक्त सभागृहात दिसत नव्हता. २०२३ मध्ये काही वॉर्डांत पारडे फिरले आणि तेथे तिन्ही जागा एकदम दुसरीकडे गेल्या. मतांचा कल जेवढा बदलला त्याहून जागांतला बदल मोठा दिसला. हुजूर पक्षाच्या १७ जागाही प्रामुख्याने शहराच्या पूर्व आणि ईशान्य भागांतून आल्या. पश्चिमेकडच्या वॉर्डांचे चित्र निराळे होते.

आता मुख्य विधानाकडे, म्हणजे कारणाकडे, येऊ. २८ ऑगस्ट २०२२ रोजी दुबईत झालेल्या भारत-पाकिस्तान क्रिकेट सामन्यानंतर लेस्टरमध्ये तणाव वाढत गेला आणि १७ सप्टेंबरला तो रस्त्यावर उतरला. त्यानंतर हिंदू रहिवाशांच्या एका मोठ्या भागात स्थानिक मजूर पक्षाविषयी नाराजी होती. महापौरांनी चौकशीसाठी ज्या अभ्यासकाची निवड केली त्याच्यावर हिंदू संघटनांनी आक्षेप घेतला आणि त्याला बाजूला व्हावे लागले. ही नाराजी पूर्वेकडच्या वॉर्डांत मतदानात उतरली, हे मान्य करायलाच हवे, कारण तो दाव्यातला खरा अंश आहे. परंतु ‘तेच एकमेव कारण’ असे म्हणताच अडचणी सुरू होतात.

पहिली अडचण कालक्रमाची आहे. जुलै २०२१ मध्ये, म्हणजे तणावाच्या वर्षभराहून अधिक काळ आधी, शहराच्या ईशान्येकडील हंबरस्टोन अँड हॅमिल्टन वॉर्डाच्या पोटनिवडणुकीत हुजूर पक्षाने मजूर पक्षाची जागा जिंकली होती. जो परिणाम कारणाच्या आधी दिसू लागतो त्याला दुसरेही काही कारण असले पाहिजे.

दुसरी अडचण मजूर पक्षाच्या घरातलीच आहे, आणि माझ्या मते या निकालाची सर्वांत मोठी गुरुकिल्ली तीच आहे. या वेळी उमेदवारांची निवड स्थानिक शाखांच्या हातून काढून पक्षाच्या राष्ट्रीय कार्यकारिणीने आपल्याकडे घेतली आणि मार्च २०२३ मध्ये तब्बल १९ विद्यमान कौन्सिलरांची तिकिटे कापली. त्यांतले बहुसंख्य आशियाई किंवा कृष्णवर्णीय होते आणि अनेकांची आपापल्या वॉर्डात वर्षानुवर्षांची ओळख होती. काहींनी पक्ष बदलला, काहींनी दुसऱ्या झेंड्याखाली निवडणूक लढवली. शिवाय थेट निवडून येणाऱ्या महापौराचे पदच रद्द करावे असा ठराव त्याच महिन्यात कौन्सिलपुढे आला होता आणि त्याला पाठिंबा देणाऱ्या मजूर पक्षाच्या सदस्यांवर पक्षाने कारवाई केली होती. मतदानाला दोन महिनेही उरलेले नसताना एखाद्या पक्षाने आपल्याच सभागृहातील तिसऱ्या हिश्श्याहून अधिक लोकांना घरी बसवावे, आणि त्यानंतर झालेल्या पडझडीचे सारे श्रेय एका समाजाच्या रोषाला द्यावे, हे पटणारे नाही. ग्रीन पक्ष आणि लिबरल डेमोक्रॅट्स यांनी मिळून पाच जागा वाढवल्या. त्या पाच जागांचे स्पष्टीकरण ‘हिंदूंचा सूड’ या सूत्रात कसे बसवणार?

तिसरी अडचण अधिकारक्षेत्राची आहे. कचरा उचलणे, वृद्धांची देखभाल, ग्रंथालये, घरे, बांधकाम परवानगी, कौन्सिल टॅक्स ही कौन्सिलची कामे आहेत; पोलीस तिच्या हाताखाली नसतात. लेस्टरशायरच्या पोलीस दलावर देखरेख ठेवणारा आयुक्त स्वतंत्रपणे निवडून येतो आणि २०२१ मध्ये निवडून आलेले रूपर्ट मॅथ्यूज हे हुजूर पक्षाचे होते. तणावाच्या काळातल्या गृहमंत्री सुएला ब्रेव्हरमन याही हुजूर पक्षाच्याच होत्या. बंदोबस्तातील त्रुटींची शिक्षा मतदारांनी दिली असे म्हणायचे, तर ती शिक्षा ज्यांना मिळायला हवी होती त्यांनाच सतरा जागा मिळाल्या असे होते.

या सगळ्यावर एक आक्षेप येऊ शकतो, की ते वर्षच मजूर पक्षाला वाईट गेले असेल. प्रत्यक्षात उलट झाले. ४ मे २०२३ रोजी इंग्लंडभरात हुजूर पक्षाने हजाराहून अधिक जागा गमावल्या आणि मजूर पक्षाने पाचशेहून अधिक मिळवल्या. त्या लाटेविरुद्ध गेलेल्या मोजक्या ठिकाणांत लेस्टर होते आणि लंडनजवळचे स्लाउही होते. स्लाउमध्ये मजूर पक्षाने बहुमत गमावले, पण तेथे सप्टेंबर २०२२ सारखे काही घडले नव्हते. कौन्सिलची तिजोरी रिकामी झाल्याची अधिकृत नोटीस तेथे २०२१ मध्ये निघाली होती. स्थानिक निवडणूक स्थानिक कारभारावर फिरते, ही गोष्ट पुणे किंवा ठाण्यातल्या मतदाराला वेगळी सांगण्याची गरज नाही. इंग्लंडचे नाव आले की मात्र आपण ती विसरतो.

दाव्यातले आणखी एक गृहीतक म्हणजे लेस्टर हे ‘हिंदूबहुल’ शहर आहे आणि तेथील भारतीय एका मताचे आहेत. २०२१ च्या जनगणनेनुसार शहरात ख्रिस्ती २४.७ टक्के, मुस्लिम २३.५ टक्के, हिंदू १७.९ टक्के, शीख ४.५ टक्के, आणि कोणताही धर्म न मानणारे सुमारे २३ टक्के आहेत. येथे कोणताच समाज बहुसंख्य नाही. स्वतःची नोंद भारतीय वंशाचे म्हणून करणारे सुमारे ३४ टक्के आहेत, पण त्यांत हिंदू, शीख, गुजराती मुस्लिम असे सर्व येतात. त्यांतला जुना आणि वजनदार वर्ग पूर्व आफ्रिकेतून आलेल्या गुजरात्यांचा आहे. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातून आशियाईंना हाकलले तेव्हा ‘लेस्टरला येऊ नका’ अशी जाहिरात तेथील वृत्तपत्रात याच शहराच्या कौन्सिलने दिली होती, आणि तरीही लोक आले.

अलीकडे आलेल्यांत दमण आणि दीवचे लोक बरेच आहेत, आणि त्यांची गोष्ट गोव्याच्या वाचकाला ओळखीची वाटेल. १९६१ पूर्वीच्या पोर्तुगीज राजवटीमुळे त्यांना पोर्तुगालचे नागरिकत्व मिळू शकले आणि त्या पासपोर्टवर ते ब्रिटनला गेले. त्यामुळे मतदारयादीत एक विचित्र स्थिती उद्भवते. लेस्टरमध्ये रीतसर राहणारा भारतीय पासपोर्टधारक राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून कौन्सिलसाठीही मत देऊ शकतो आणि संसदेसाठीही. त्याच्याच गल्लीतला, दीवमध्ये जन्मलेला पोर्तुगीज पासपोर्टधारक कौन्सिलसाठी मत देऊ शकतो, संसदेसाठी नाही. ‘भारतीयांचे मत’ म्हणून जे एकसंध चित्र रंगवले जाते, त्यातल्या माणसांचे मताधिकारसुद्धा सारखे नाहीत.

शेवटचे विधान ४ जुलै २०२४ च्या संसदीय निवडणुकीचे. लेस्टर ईस्टमधून हुजूर पक्षाच्या शिवानी राजा निवडून आल्या, हे खरे. संपूर्ण देशात हुजूर पक्षाने मजूर पक्षाकडून हिसकावलेली ती एकमेव जागा होती. मात्र त्यांना सुमारे ३१ टक्के मते होती. मजूर पक्षाचे उमेदवार राजेश अगरवाल हे इंदूरमध्ये जन्मलेले, आणि याच मतदारसंघातून पूर्वी मजूर पक्षातर्फे खासदार झालेले कीथ व्हाझ व क्लॉडिया वेब हे दोघेही या वेळी पक्षाविरुद्ध उभे होते. मजूर पक्षाची मते तीन वाटांनी गेली तेव्हा ३१ टक्के पुरले. त्याच दिवशी लेस्टर साउथमध्ये मजूर पक्षाचे जोनाथन ॲशवर्थ हे अपक्ष शौकत अ‍ॅडम यांच्याकडून ९७९ मतांनी हरले, आणि तेथे मतदारांच्या रोषामागे प्रामुख्याने गाझाचा प्रश्न होता. शहराचा तिसरा मतदारसंघ लेस्टर वेस्ट. तेथे मजूर पक्षाच्या लिझ केंडल पुन्हा निवडून आल्या आणि मंत्रीही झाल्या.