बॅरोनेट व्हायचंय? आधी तीन हप्त्यांची सोय करा

नावाआधी पिढ्यान्‌पिढ्या 'सर' लागावं असं वाटत असेल, तर पराक्रमाच्या नादी लागू नका. त्यात वेळ जातो आणि अंगाला जखमा होतात. सरळ १६११ सालचं इंग्लंड गाठा. पहिल्या जेम्स राजाची तिजोरी रिकामी आहे, आयर्लंडच्या अल्स्टर प्रांतातल्या फौजेला पगार द्यायचाय, म्हणून २२ मेपासून त्याने 'बॅरोनेट' हा वंशपरंपरागत किताब विकायला काढलाय. दर ठरलेला: ३० शिपायांचा ३ वर्षांचा पगार, माणशी रोज ८ पेन्स. हिशेब करा (तेव्हा पौंडाचे २४० पेन्स), बरोबर १०९५ पौंड. हप्ते तीन. शिवाय वर्षाला १००० पौंड देणारी जमीन आणि कुळाचं मानचिन्ह मिरवायचा हक्क असलेले आजोबा हवेत. आजोबा उधार मिळत नाहीत.

पण घाई कशाला? दहा-अकरा वर्षं थांबलात तर हाच माल २२० पौंडांच्या आसपास मिळेल.

हॅम्पशरच्या बेंजामिन टिचबोर्नकडून शिका. १६०३ साली पहिली एलिझाबेथ राणी वारल्याचं कळताच या गृहस्थाने लंडनच्या हुकुमाची वाट न पाहता विंचेस्टरात जेम्सच्या नावाने द्वाही फिरवली. राजे असलं विसरत नाहीत. १६२१ मध्ये टिचबोर्न बॅरोनेट झाले.

मिळवणं सोपं, टिकवणं अवघड. किताब जातो फक्त औरस मुलग्यांकडे. मुली बाद, आणि दत्तकही नामंजूर. साताऱ्याने उगाच मनाला लावून घेऊ नये, खुद्द साहेबाच्या घरातही हाच नियम आहे.

गावजेवणं, दानधर्म यांतही काटकसर नको. टिचबोर्नांकडे दर २५ मार्चला गावाला पीठ वाटायची जुनी चाल. आख्यायिका अशी की मरणाला टेकलेल्या, याच घरातल्या मेबेलाबाईंनी हातात जळतं लाकूड घेऊन रांगत २३ एकरांना फेरी घातली, तेवढ्या जमिनीचं धान्य गरिबांना लावून दिलं आणि शाप ठेवला: दान थांबलं तर एका पिढीत सात मुलगे, पुढच्या पिढीत सात मुली, मग नाव बुडालं. गर्दीला कंटाळून १७९६ साली वाटप बंद केलं. सातव्या बॅरोनेटला सात मुलगे झाले, आठव्याला सात मुली. पीठ पुन्हा सुरू झालं, हे सांगायला नको.

वारसाला बोटीत मात्र बसू देऊ नका. १८५४ मध्ये रॉजर टिचबोर्न रिओहून निघाला आणि जहाजासकट गडप झाला. आईने पेपरांत जाहिराती दिल्या, तेव्हा ऑस्ट्रेलियातल्या वॉगा वॉगाच्या एका खाटकाला आपण रॉजर असल्याचं आठवलं. रॉजर सडपातळ, हा पुढे दीडशे किलोंवर गेला. रॉजर पॅरिसात वाढलेला, याला फ्रेंचचा गंध नाही. आईने मात्र लगेच ओळखलं! दाव्याला पैसे कमी पडले तेव्हा याने शंभर-शंभर पौंडांचे रोखे काढले, इस्टेट हाती आली की फेडू म्हणून. लोकांनी घेतलेही. खरा बॅरोनेट तेव्हा अगदी लहान पोर. रॉजरच्या हातावर गोंदण होतं, याच्या नव्हतं. १८७२ साली १०२ दिवसांचा दावा तिथेच कोसळला. मग फौजदारी खटला १८८ दिवस, शिक्षा १४ वर्षं सक्तमजुरी.

मुंबईच्या जीजीभॉयांनी हा घोळ आधीच ओळखला असावा. १८५७ मध्ये बॅरोनेटपद आलं आणि १८६० साली कायदाच झाला, की गादीवर येणाऱ्याने स्वतःचं नाव सोडून जमशेटजी जीजीभॉय व्हायचं. लेटरहेडचा खर्च वाचला.

टिचबोर्नांचा किताब १९६८ मध्ये मुलग्याअभावी संपला. तुमचा चालू असेल तर जन्माचे, लग्नाचे दाखले जपा. १९१० पासून अधिकृत नोंदवहीत नाव लागल्याशिवाय सरकारदरबारी 'सर' म्हणवता येत नाही. आणि कुळाचा इतिहास शोधायला कुणी थुंकी मागितली तर तोंड कोरडं पडल्याचं सांगा. स्कॉटलंडमधल्या १६८३ च्या एका किताबाचा निकाल लंडनच्या प्रिव्ही कौन्सिल या वरिष्ठ न्यायपीठाने २०१६ मध्ये डीएनएवरून दिला, आणि आजोबांचे वडील भलतेच निघाल्यामुळे 'सर' दुसऱ्या शाखेच्या चुलतभावाकडे गेलं.