ताजमहालासमोरची हिरवळ शाहजहानच्या काळातली नाही

‘ताजमहालासमोरची हिरवळ शाहजहानने आखली तशीच आजही आहे,’ असा मजकूर फोटोसकट फिरतोय. तो चुकीचा आहे.

चारबागेची, म्हणजे ताजसमोरच्या चार भागांत आखलेल्या बागेची, मूळ चौकट, म्हणजे मधला हौद, पाण्याचे पाट आणि उंच फरसबंदी वाटा, मुघलांचीच. पण त्या वाटांच्या कडेचे वाफे मुद्दाम खोलगट ठेवलेले असत, म्हणजे पाटाचं पाणी थेट झाडांच्या मुळाशी जाई. तिथे फुलझाडं आणि मोठे वृक्ष होते. एकोणिसाव्या शतकातल्या छायाचित्रांत तर दाट झाडीतून जेमतेम घुमट दिसतो! कातरलेलं गवत आणि मोकळं दृश्य ही ब्रिटिश व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनच्या काळातली (१८९९-१९०५) इंग्रजी आवड. कृपया तो मजकूर पुढे पाठवू नका.